ऑनलाइन प्रवेशअर्ज लोक अर्धवट सोडून जातात : रचनेबाबत मार्गदर्शन हवे आहे

काठावरचा

नमस्कार. आमची संस्था नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी प्रशिक्षणवर्ग चालवते आणि प्रवेशअर्ज आता केवळ ऑनलाइन स्वीकारले जातात. संपूर्ण अर्ज एकाच लांबलचक पानावर असून त्यात चाळिसेक रकाने आहेत. अर्ज उघडण्यापूर्वी खाते उघडून पासवर्ड ठरवावा लागतो. त्यानंतर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचा अनुभव, पालकांचे नाव, मागील प्रमाणपत्राचा क्रमांक, छायाचित्र आणि शेवटी स्वतःविषयी एक परिच्छेद, असा क्रम आहे. नोंदी पाहिल्यावर असे दिसते की अर्ज सुरू करणारे पुष्कळ आहेत, पण शेवटच्या बटणापर्यंत पोहोचणारे फारच थोडे. यांतील बरेच जण आधी दूरध्वनी करून वर्गांची चौकशी केलेले असतात, त्यामुळे त्यांना प्रवेश नकोच होता असेही म्हणता येत नाही.

व्यवस्थापनाचे मत असे की अर्ज जुनाट दिसतो, रंगसंगती बदलावी आणि वर ‘इतके टक्के पूर्ण’ असे दाखवणारी पट्टी लावावी. तांत्रिक काम पाहणारे सहकारी म्हणतात की अर्जाचे पाच पानांत तुकडे करावेत. दोन्ही गोष्टी करता येतील, परंतु त्यांनी मूळ दुखणे बरे होईल याची मला खात्री वाटत नाही. ज्यांनी असे अर्ज तयार केले आहेत त्यांनी नेमके कोठून सुरुवात करावी हे सांगितल्यास आभारी राहीन.

तिरकी रेघ

सुरुवात पडद्यापासून करू नका, रकान्यांपासून करा. अर्जाची छापील प्रत काढा आणि प्रत्येक रकान्यापुढे दोन गोष्टी लिहा : हे उत्तर संस्थेत कोण वाचतो, आणि उत्तर वेगळे असते तर त्या व्यक्तीने काय वेगळे केले असते. ‘माहिती असावी म्हणून’ किंवा ‘पूर्वीपासून आहे म्हणून’ एवढेच लिहिता येत असेल, तर तो रकाना निघाला पाहिजे. प्रौढांच्या अर्जात पालकांचे नाव कशासाठी आहे? माझा अंदाज असा की कधीकाळी कागदी अर्ज शाळकरी मुलांसाठी बेतला होता, तो तसाच संगणकावर चढला आणि त्यानंतर त्याकडे कोणी नीट पाहिलेच नाही.

नको असलेला रकाना केवळ जागा अडवतो असे नाही, तो पुढची उत्तरेही बिघडवतो. एक्सपीडिया या प्रवास-आरक्षणाच्या संकेतस्थळाचे उदाहरण या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. पैसे भरण्याच्या पानावर त्यांनी ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना ठेवला होता. काही ग्राहकांना वाटले की कार्ड देणाऱ्या बँकेचे नाव विचारले आहे. त्यांनी ते लिहिले, आणि मग ओघानेच पुढच्या पत्त्याच्या रकान्यात स्वतःच्या घराऐवजी बँकेचा पत्ता भरला. पत्ता कार्डाशी जुळेना, त्यामुळे व्यवहार नाकारले जात. तो एक रकाना काढल्याने वर्षाला सुमारे १.२ कोटी डॉलरचा नफा वाढला, असे कंपनीच्या अधिकाऱ्याने २०१० मध्ये सांगितले होते. ध्यानात घेण्याजोगी बाब ही की तो रकाना सक्तीचा नव्हता. ‘ऐच्छिक आहे, मग राहू द्या की’ हा युक्तिवाद बैठकीत नेहमी ऐकू येतो आणि तो फसवा आहे, कारण दिसणारा प्रत्येक रकाना वाचावा लागतो, त्याचा अर्थ लावावा लागतो आणि तो सोडून द्यायचा की नाही हे ठरवावे लागते.

जे रकाने उरतील त्यांची वाटणी काळानुसार करा. प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवायला जे लागते तेवढेच आज विचारा, उरलेले प्रवेश पक्का झाल्यावर विचारता येते. ज्याला जागा मिळाल्याचे कळले आहे तो छायाचित्रही आनंदाने पाठवतो आणि प्रमाणपत्राचा क्रमांकही शोधून काढतो. तेच तुम्ही आज, काहीही पदरात पडण्यापूर्वी, मागत आहात. खात्याबाबतही हेच म्हणता येईल. अर्ज सादर झाल्यावर ‘पुढील स्थिती पाहण्यासाठी पासवर्ड ठरवा’ असे सुचवले तर ते समजण्यासारखे आहे, परंतु दारातच पासवर्ड मागणे म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावर उभे करून उलटतपासणी घेण्यासारखे आहे.

रंगसंगतीला माझा विरोध नाही. ती सर्वांत शेवटी पाहावी, इतकेच.

अर्धविराम

माझे काम वेगळे आहे. अर्ज भरताना अडलेल्या लोकांचे दूरध्वनी मी घेतो, त्यामुळे त्या बाजूने चार शब्द लिहितो. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण लोक केवळ लांबीला कंटाळून जातात असे समजू नये. पुष्कळ जण शेवटपर्यंत जायला तयार असतात आणि एखाद्या जागी अशी भिंत येते की पुढे जाण्याचा मार्गच उरत नाही.

नेहमी येणारा प्रसंग सांगतो. माणूस सर्व भरून बटण दाबतो, पान पुन्हा वर जाते आणि तांबड्या अक्षरांत ‘अवैध माहिती’ असे येते. कोणती माहिती, कोठे, हे कळत नाही. तो खाली सरकत जातो, कोठेतरी एका चौकटीची कडा तांबडी झालेली असते, आणि ज्याला तांबडा-हिरवा भेद नीट दिसत नाही त्याला तेवढेही दिसत नाही. शेवटी कळते की मोबाइल क्रमांकात मध्ये एक मोकळी जागा राहिली होती. ती काढून तो पुन्हा बटण दाबतो तर छायाचित्र गायब, कारण पान नव्याने आले. या टप्प्यावर माझ्याकडे दूरध्वनी येतो तो माणूस रागावलेला नसतो, आपल्यालाच संगणकातले कळत नाही असे वाटून तो ओशाळलेला असतो. दूरध्वनी न करता निघून जाणारे किती असतील याची कल्पना त्यावरून करावी.

त्रुटीचा संदेश लिहिताना तीन गोष्टी सांगाव्यात : कोठे अडले, काय अडले आणि काय केले म्हणजे सुटेल. ‘जन्मतारीख अवैध’ याऐवजी ‘जन्मवर्ष चार अंकांत लिहा, उदाहरणार्थ १९७४’ असे लिहिले की दूरध्वनी येत नाही. हा मजकूर त्या रकान्याला लागूनच असावा आणि अनेक चुका असतील तर पानाच्या वर त्यांची यादीही असावी, जिच्यातील ओळीवर टिचकी मारली की थेट त्या रकान्यात पोहोचता येईल. रंग सोबतीला असावा, पण केवळ रंगावर काम भागवू नये. ‘चूक केलीत’ असा सूर तर मुळीच नको, कारण निम्म्या वेळा चूक प्रश्नाची असते.

तारखेचा विषय निघाला आहे म्हणून : जन्मतारखेसाठी दिनदर्शिका उघडणारा रकाना देऊ नका. ती चालू महिन्यावर उघडते आणि १९६२ साली जन्मलेल्या व्यक्तीला महिना महिना मागे जावे लागते. वर्षांची लांब यादी खाली ओढत नेणेही मोबाइलवर तितकेच जिकिरीचे आहे. दिवस, महिना आणि वर्ष असे तीन साधे रकाने सर्वांना भरता येतात. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाच्या रचनाप्रणालीतही पाठ असलेल्या तारखांसाठी हीच पद्धत सुचवली आहे. दिनदर्शिका पुढच्या आठवड्यातील भेटीची वेळ निवडण्यासाठी योग्य आहे, जिथे वार कोणता येतो हे पाहायचे असते.

आणि अर्ज सुरू होण्यापूर्वी एक छोटे पान हवे : हाताशी काय लागेल, साधारण किती वेळ लागेल, मध्येच थांबता येते की नाही. प्रमाणपत्र घरी कपाटात आहे आणि माणूस कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत अर्ज भरतो आहे, हे त्याला विसाव्या रकान्यावर कळण्यापेक्षा आधीच कळलेले बरे.

शून्य-एक

तांत्रिक बाजूची भर घालतो, कारण यातील बऱ्याच भिंती आम्हीच बांधतो आणि त्या पाडायला फारसा वेळही लागत नाही.

पहिले सूत्र असे की यंत्राला जे करता येते ते माणसाकडून करवून घेऊ नये. मोबाइल क्रमांकातील मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढून टाकणे ही एका ओळीची आज्ञा आहे, त्यासाठी माणसाला परत पाठवणे हा निव्वळ आळस आहे. ईमेलच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागा, जी मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवताना स्वतःच टाकतो, तीही अशीच गुपचूप काढावी. अंक कोणत्याही लिपीत आले तरी ते स्वीकारून आतल्या आत एकाच रूपात आणावेत.

नावाच्या रकान्यावर तपासणी शक्यतो लावूच नये. ‘फक्त अक्षरे चालतील’ हा नियम निरुपद्रवी वाटतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील सर्व लिप्यांच्या प्रमाण यादीत, देवनागरीची मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे ‘अक्षर’ या गटात मोडतच नाहीत, ती ‘चिन्ह’ या वेगळ्या गटात आहेत. परिणाम असा होतो की ‘कमल’ हे नाव तपासणीतून सुटते आणि ‘सीमा’ अडकते. ज्याने तपासणी लिहिली त्याने ती रोमन अक्षरांत चालवून पाहिलेली असते, त्यामुळे त्याला हे कधी दिसतच नाही. दोन अक्षरांचे नाव, एकच शब्द असलेले नाव, मध्ये टिंब किंवा ऊर्ध्व स्वल्पविराम असलेले नाव, या सर्वांना मोकळी वाट हवी. पहिले, मधले आणि आडनाव असे तीन सक्तीचे रकाने करण्यापेक्षा ‘पूर्ण नाव’ असा एकच रुंद रकाना बहुतेक कामांना पुरतो.

दुसरे, रकाना काय मागतो हे ब्राउझरला सांगा. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपाने ज्या भाषेत लिहितात तिच्यात, ‘ऑटोकम्प्लीट’ नावाचा गुणधर्म आहे. त्यात नाव, ईमेल, पत्ता, जन्मदिनांक अशी ठरलेली मूल्ये लिहिली की ब्राउझर आधी साठवलेली माहिती स्वतः भरतो, आणि ओटीपीच्या रकान्याला त्याचे मूल्य दिले की अनेक मोबाइलवर संदेशातील अंक आपोआप सुचवले जातात. ‘इनपुटमोड’ या गुणधर्माने अंकांचा कीबोर्ड उघडतो. मात्र क्रमांकांच्या रकान्यांना ‘नंबर’ हा प्रकार देऊ नका. तो मोजायच्या संख्यांसाठी आहे. ओळखपत्राचा क्रमांक ही संख्या नव्हे : तिच्या सुरुवातीचे शून्य गळून जाऊ शकते, आणि काही ब्राउझरमध्ये माऊसचे चाक फिरले तरी आकडा बदलतो. आयफोनवर रकान्यातील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर टिचकी मारताच पान मोठे होऊन सरकते, म्हणून आकार तेवढा तरी ठेवावा.

लेबल, म्हणजे काय भरायचे ते सांगणारे नाव, रकान्याच्या वर, कायम दिसेल असे असावे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, नजरेच्या हालचाली टिपणाऱ्या एका चाचणीत वरचे लेबल आणि रकाना एकाच नजरेत येतात असे आढळले होते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर तर दुसरा पर्यायही उरत नाही. काही जण लेबल काढून रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत सूचना लिहितात. टंकन सुरू होताच ती नाहीशी होते आणि उत्तर तपासून पाहताना प्रश्न कोणता होता हेच आठवत नाही. शिवाय लेबल रकान्याशी पानाच्या संकेतावलीत (कोडमध्ये) जोडलेले नसेल तर पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, वापरणाऱ्या अंध व्यक्तीला केवळ ‘मजकूर रकाना’ एवढेच ऐकू येते.

पासवर्ड ठेवायचाच असेल तर एक मोठे, एक लहान, एक अंक, एक चिन्ह असल्या अटी घालू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच या अटी आणि ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याची सक्ती या दोन्ही गोष्टी टाळण्यास सांगितले आहे. किमान लांबी ठेवा, टंकलेले पाहता येईल अशी सोय द्या, आणि पेस्ट करणे कदापि बंद करू नका.

पत्ता दोनदा विचारणेही टाळा. अक्षमता असलेल्या वापरकर्त्यांचा विचार करून तयार झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या मानकात, जे ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, एकाच प्रक्रियेत दिलेली माहिती पुन्हा भरायला लावू नये, असा निकष अगदी पायाभूत पातळीवर आहे. ‘वरीलप्रमाणेच’ असा एक चेकबॉक्स पुरतो. मात्र संमतीचे चेकबॉक्स आधीच खूण करून ठेवू नयेत. युरोपीय कायद्यानुसार अशी संमती ग्राह्य धरली जात नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ती लबाडी लोकांना कळते.

रकाना तपासण्याची वेळ हा शेवटचा मुद्दा. माणूस ईमेलचे पहिले अक्षर टंकतो न टंकतो तोच ‘ईमेल चुकीचा आहे’ असे ओरडणारे अर्ज मी पाहिले आहेत. त्याला लिहू तर द्या. तो रकाना सोडून पुढे गेला की तपासा, आणि एकदा त्रुटी दाखवल्यावर मात्र ती दुरुस्त होताक्षणी संदेश काढून टाका.

मोजपट्टी

पाने करावीत की नाही आणि पट्टी लावावी की नाही, हे मूळ प्रश्न मागेच राहिले आहेत, म्हणून त्यांच्याविषयी लिहितो. येथे माझे मत काहीसे वेगळे आहे.

ब्रिटिश सरकारच्या डिजिटल सेवांमध्ये एका पानावर एकच गोष्ट विचारण्याची पद्धत आहे. तिचे खरे फायदे दिसण्यात नाहीत : प्रत्येक पानागणिक उत्तर साठवले जाते, चूक झाली तर ती त्याच पानावर कळते, आणि ‘पूर्वी नोकरी केली नाही’ असे म्हणणाऱ्याला अनुभवाचे सहा रकाने दाखवावेच लागत नाहीत. तुमच्या सहकाऱ्यांच्या पाच पानांत या तीन गोष्टी येणार असतील तर जरूर करा. केवळ तेच चाळीस रकाने आठ-आठच्या गटांत तोडणार असाल, तर पान बदलण्याचा वेळ तेवढा वाढेल. उलट जो कर्मचारी रोज तीच नोंद करतो, त्याला सर्व एका पडद्यावर हवे असते. एकदाच भरणारा आणि रोज भरणारा यांच्यासाठी एकच रचना योग्य ठरत नाही.

प्रगतीच्या पट्टीबाबत व्यवस्थापनाची अपेक्षा जरा जास्त आहे. ऑनलाइन सर्वेक्षणांतील अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. सम गतीने पुढे सरकणारी पट्टी लावल्याने अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण घटते असे त्यात दिसले नाही. सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश सरकणारी पट्टी लोकांना धरून ठेवते, तर सुरुवातीला रेंगाळणारी पट्टी त्यांना पळवून लावते. म्हणजे पहिल्या तीन उत्तरांनंतर ‘४ टक्के पूर्ण’ दाखवणारी पट्टी तुमचे नुकसानच करील. आणि मुद्दाम वेगवान दाखवणारी पट्टी लावणे मला प्रामाणिक वाटत नाही. छोट्या अर्जाला ‘पाचपैकी दुसरा भाग : शिक्षण’ एवढे लिहिणे पुरेसे आहे.

काहीही बदलण्यापूर्वी लोक नेमके कोठे थांबतात हे पाहा. प्रत्येक व्यक्तीने शेवटी कोणत्या रकान्याला स्पर्श केला आणि कोणता त्रुटीसंदेश कितीदा दिसला, एवढीच नोंद ठेवा. रकान्यात काय लिहिले हे मात्र साठवू नका, कारण ज्याने बटण दाबले नाही त्याने माहिती दिलेली नाही. नोंद ‘कोठे’ हे सांगेल, ‘का’ हे सांगणार नाही. त्यासाठी ज्यांना प्रवेश हवा आहे अशा दोन-चार व्यक्तींना, त्यांच्याच मोबाइलवर, तुमच्यासमोर अर्ज भरू द्या आणि मध्ये बोलू नका. मदत करण्याचा मोह आवरणे कठीण जाते, पण माणूस ज्या रकान्यावर थबकून वर-खाली पाहू लागतो, तिथेच तुमचे काम आहे.

काठावरचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘हे उत्तर कोण वाचतो’ हा प्रश्न घेऊन मी प्रत्येक विभागात गेलो. पालकांचे नाव, दुसरा पत्ता आणि आवडीचे विषय हे रकाने कोणीच वाचत नाही असे निष्पन्न झाले आणि ते काढण्यास कोणाची हरकतही नाही. छायाचित्र प्रवेशानंतर घेण्याचे ठरले आहे. शेवटच्या स्पर्शाची नोंद सुरू केल्यावर दिसले की प्रमाणपत्राच्या क्रमांकापाशी लोक थांबतातच, पण त्याहून अधिक जण ओळखपत्राच्या क्रमांकापाशी थांबतात. लेखाविभाग मात्र हा क्रमांक पहिल्याच अर्जात हवा यावर ठाम आहे, कारण शुल्काची पावती त्यावर निघते. येथे काय करावे?

तिरकी रेघ

पावती शुल्क भरल्यावर निघते, अर्ज करताना नव्हे. म्हणून लेखाविभागाला हा क्रमांक शुल्काच्या पानावर मिळाला तर त्यांचे काम अडत नाही, आणि तिथे तो का मागितला आहे हे वेगळे समजावूनही सांगावे लागत नाही. त्यांना एवढेच विचारा की प्रवेश न मिळालेल्या लोकांचे क्रमांक तुम्ही कशासाठी वापरता. उत्तर ‘वापरत नाही’ असे आले, तर जी संवेदनशील माहिती लागत नाही ती सांभाळण्याची जबाबदारी संस्थेने उगाच अंगावर घेतली आहे, हा मुद्दा व्यवस्थापनाला रंगसंगतीपेक्षा लवकर पटेल.

ते कोणत्याही कारणाने ऐकले नाहीत तर रकान्याच्या वर, लेबलच्या लगेच खाली, एक ओळ लिहा : ‘शुल्काच्या पावतीवर छापण्यासाठी. प्रवेश न मिळाल्यास हा क्रमांक पुसून टाकला जाईल.’ दुसरे वाक्य खरोखर अमलात येणार असेल तरच लिहा. ‘आपली माहिती सुरक्षित आहे’ असे कुलपाचे चित्र लावून लिहू नका, त्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

शून्य-एक

प्रमाणपत्राच्या क्रमांकासाठी एक सुचवतो. तो प्रवेश ठरवायला खरोखरच लागत असेल तर त्या रकान्याशेजारी ‘आत्ता हाताशी नाही, नंतर देईन’ असा पर्याय ठेवा आणि अर्ज स्वीकारा. ईमेलने दुवा पाठवा, त्यावर टिचकी मारली की अर्ज त्याच रकान्यावर उघडावा. दुवा किती दिवस चालेल हे त्या ईमेलमध्येच स्पष्ट लिहा आणि मुदत प्रवेशाच्या शेवटच्या तारखेपर्यंत ठेवा. २४ तासांत निरुपयोगी होणारे दुवे मी पाहिले आहेत, आणि त्यामुळे शनिवारी अर्ज सुरू करणारा माणूस सोमवारी पुन्हा पहिल्या रकान्यावर येतो.